उंब्रजला जमलेली घरं

फोनवर चांगली बातमी आली की माया मदनेला खुर्चीत बसवत नाही. ती उठते आणि बोलणं संपेपर्यंत खिडकीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालते. इस्लामपूरच्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसात तिच्या हाताखाली तिघं कार्यकर्ते आहेत, आणि तिघांनाही हे पाठ झालंय. मायाताई बसल्या जागी "बरं, बरं" म्हणत असल्या तर काम अडलेलं असतं. खुर्ची मागं सरकल्याचा आवाज आला तर कुठंतरी दार उघडलेलं असतं.

दार म्हणजे खरोखरचं दार. नशेचं औषध जास्त होऊन ज्यांच्या घरातलं माणूस गेलं, त्या घरी जाऊन बसायचं, त्यांचं ऐकायचं, कागदपत्रांना आणि दवाखान्याला सोबत करायची, हे त्या तिघांचं काम. राजनंदिनी वाळवा तालुका बघते, ऋषिराज कराड-उंब्रजकडची गावं, समीक्षा वडूजकडचा कोरडा भाग. आणि या तिघांना सांभाळायचं, ते खचले तर उभं करायचं, चुकले तर सांगायचं, हे मायाचं काम.

माया मूळची वडूजच्या पूर्वेकडच्या एका वाडीवरची, धनगराच्या घरातली. वडील नानासो दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कृष्णाकाठाकडं उतरायचे. आज या शेतात तळ, चार दिवसांनी दुसऱ्या. आई बयाबाई लहानग्या मायाला पाण्याला नाहीतर मीठ-मिरचीला लोकांच्या दारी पाठवायची. कुठल्या दारात हाक मारायची, कुठं नुसतं उभं राहायचं, कुत्रं अंगावर आलं तरी मागं न सरता कसं थांबायचं, हे ती सातव्या-आठव्या वर्षीच शिकली. पुढं वडूजच्या वसतिगृहात राहून शाळा झाली, समाजकार्याची पदवी झाली, आणि नोकरी लागली ती हायवेवर. ट्रक ड्रायव्हरांमध्ये एचआयव्हीचं काम. बारा वर्षं तिनं ते केलं. तेव्हा घरोघरी एकच उत्तर मिळायचं, माणूस टीबीनं गेला. माया कधी कुणाला खोटं पाडायला गेली नाही. चहा घ्यायची, पुन्हा यायची, आणि पाचव्या-सहाव्या खेपेला घरातली बाई आपणहून खरं काय ते सांगायची.

पाच-सहा वर्षांपूर्वी तिच्या कानावर वेगळीच मरणं यायला लागली. कुणी बावीसचा, कुणी चोवीसचा. कुणी तालमीत जोर-बैठका मारणारा, कुणी भरतीच्या तयारीला लागलेला, कुणी पुण्याला गाडी चालवणारा. धडधाकट पोरं, आणि सगळी अटॅकनं गेलेली. मायाला तो शब्द ऐकून जुना टीबी आठवला. तिनं संस्थेच्या मागं लागून लागून हे नवं काम सुरू करून घेतलं. ती मंजुरी आली त्या दिवशी तर ती खोलीतसुद्धा थांबली नव्हती. थेट एसटी स्टँडपर्यंत चालत जाऊन परत आली होती.

दर गुरुवारी तिघांची बैठक. पहिला तासभर रिपोर्ट बाजूला. माया प्रत्येकाला विचारते, या आठवड्यात कुठलं घर तुझ्याबरोबर तुझ्या घरी आलं? मग ज्याला जे सलत असेल ते तो बोलतो.

असाच एक गुरुवार होता. राजनंदिनी सगळ्यात धाकटी, सव्वीस वर्षांची, ऊसवाल्या घरातली, बोलायला चुणचुणीत. त्या दिवशी मात्र ती खाली मान घालून बसली होती.

"ताई, मला दुसरं घर द्या. लालासाहेबांच्यात तुमीच जावा," ती म्हणाली.

लालासाहेब म्हणजे सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झालेले, इस्लामपूरजवळच्याच एका गावचे. बायको बनुबाई. एकुलता एक मुलगा जयराज, वय बावीस. भरतीसाठी पळायचा. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी ग्राउंडवर पळता पळता कोसळला तो उठला नाही. गावातल्या आशा सेविकेनं राजनंदिनीला हळूच नाव सांगितलं होतं. राजनंदिनी गेली, तर सुभेदार दारातच उभे. हात पाठीमागं बांधलेले.

"आमच्यात तसलं काय न्हाई, मॅडम," ते शांतपणे म्हणाले. "पोरगा अटॅकनं गेला. गाडी काढा, ट्रॅक्टर यायचाय."

गाडीच्या दोन्ही दारांवर हातभर अक्षरांत 'व्यसनमुक्ती अभियान' लिहिलेलं होतं. अख्खी गल्ली ते वाचत होती.

मायाचे पाय शिवशिवले. हायवेवरच्या बारा वर्षांत तिनं असले कितीतरी सुभेदार, हवालदार बघितले होते. ती गेली असती तर ते दार उघडलंही असतं. पण मग राजनंदिनीच्या मनात ते कायमचं बंद झालं असतं, आणि पुढच्या प्रत्येक अवघड दाराशी तिला हेच दार आठवलं असतं. माया खुर्चीला धरून बसली.

"गाडी तुला कुणी दिली?" तिनं विचारलं.

"तुमी."

"मग चूक माझी. तू लवकर पोचावीस म्हणून दुसऱ्या संस्थेची गाडी मागून दिली, दारावर काय लिहिलंय ते बघितलं न्हाई. रिपोर्टात तसं लिही, माझं नाव घालून."

ऋषिराज आणि समीक्षा एकमेकांकडं बघायला लागले. साहेबानं स्वतःचं नाव घालून चूक लिहायला सांगितलेली त्यांनी आधीच्या नोकरीत कधी बघितली नव्हती.

"आता सांग," माया म्हणाली, "त्यांनी गाडी काढा म्हटलं, एवढ्यानं तू घर सोडणारी न्हाईस. तू घाबरलीस कशाला?"

राजनंदिनीनं ओढणीचं टोक बोटाला पिळलं. मग म्हणाली, "ते आमच्या आबांसारखे उभे होते. आबा मिल्ट्रीतनं सुट्टीवर आले की असेच दारात हात मागं बांधून उभे राहायचे. आमी पोरं लपून बसायचो."

"मग आबांशी बोलायचं झालं तर काय करायचीस?"

"बोलायचेच न्हाई. ते रानात कामाला लागले की मागनं जायचे आणि बांधावर बसायचे. मग जरा वेळानं तेच बोलायला लागायचे."

खुर्ची कर्रकन मागं सरकली. माया उभी होती.

"मग जा की," ती म्हणाली. "एसटीनं जा. वही नको, फॉर्म नको. आधी गाडीबद्दल माफी माग, आणि बांधावर बस."

त्यानंतरचे तीन आठवडे मायानं कसे काढले ते तिलाच माहीत. राजनंदिनी निघाली की ती घड्याळाकडं बघायला लागायची. पहिल्या खेपेला फोन आला, ताई, माफी मागितली, ते ठिबकच्या नळ्या जोडत राहिले, मी तासभर बसले आणि आले. माया म्हणाली, हाकललं नाही ना, मग झालं. दुसऱ्या खेपेला राजनंदिनी एसटीतनंच ओरडून सांगत होती, कारण मागं कुणाचं तरी पोर रडत होतं. "ताई, आज 'पाणी पिऊन जा' म्हणाले." मायानं त्या दिवशी समीक्षाला उगीचच दोन वेळा चहा पाजला. तिसऱ्या खेपेला बनुबाईंनी राजनंदिनीला आत नेलं आणि जयराजचे स्पाईकचे बूट दाखवले. ते बूट तिच्या मांडीवर ठेवले.

चौथ्या खेपेला लालासाहेब बांधावर तिच्या शेजारी येऊन बसले. समोर बघतच त्यांनी विचारलं, "तुमच्याकडं अशी घरं किती हायत?"

"अकरा, काका."

ते एकदम वळले. "अकरा?"

"दोन्ही जिल्हे धरून. आमाला ठाऊक असलेली."

"मला वाटलेलं मी एकटाच," ते म्हणाले. "समद्यांची पोरं पळणारीच?"

"न्हाई. पळणारी पाच."

त्या दिवशी ते पहिल्यांदाच राजनंदिनीला स्टँडपर्यंत मोटरसायकलवर सोडायला आले.

हे ऐकताना माया खोलीत तीनदा फिरली आणि चौथ्यांदा मध्येच थांबली. मला वाटलेलं मी एकटाच. म्हणजे आपण अकरा घरांत जाऊन बसतोय, पण ती अकरा घरं एकमेकांना बघूच शकत नाहीत. तिनं पुढच्या गुरुवारची वाट बघितली नाही, दुसऱ्या दिवशी सकाळीच तिघांना बोलावून घेतलं.

"सगळ्यांना एका जागी आणायचं," ती म्हणाली.

ऋषिराजनं मान हलवली. तो हुशार होता आणि स्पष्ट बोलायचा. "कुणी येणार न्हाई, ताई. दोन वर्सं जी गोष्ट सख्ख्या भावाला सांगितली न्हाई, ती पंधरा अनोळखी माणसांत कोण सांगेल? आणि कुणी ओळखीचं निघालं तर? आपल्यावरचा विश्वास जाईल तो वेगळाच."

माया त्याचं म्हणणं उडवून लावणार होती, पण थांबली. त्याचं खरंच होतं. मग दुपारपर्यंत चौघांनी मिळून एकेक अडचण सोडवली. जागा अशी हवी की कुठल्याच घराच्या गावाजवळ नको. सातारा आणि सांगली दोन्हीकडून सोपी हवी. उंब्रज ठरलं. हायवेवरचं गाव, माणसांची सदा ये-जा, कोण कुणाकडं आलंय ते कुणी बघत नाही. आणि पौष चालू असल्यानं मंगल कार्यालयं रिकामी. प्रत्येक घराला आधी बाकीच्या घरांची फक्त गावं सांगायची, नावं नाही. ज्याला ओळखीचं गाव वाटेल त्यानं यायचं नाही, त्याला कुणी कारण विचारणार नाही. दारावर संस्थेची पाटी नाही, फोटो नाही, भाषण नाही.

कार्यालयाच्या मॅनेजरला तेवढं पटेना. फळ्यावर काहीतरी लिहावंच लागतं म्हणे. "पौषात कसला कार्यक्रम करताय, मॅडम?"

"घरचा हाय," माया म्हणाली. "'कौटुंबिक मेळावा' लिवा."

त्यानं खडूनं तसं लिहिलं आणि सवयीनं वर गणपती काढला.

बुधवारी सकाळी सात वाजताच माया तिथं हजर. आदल्या रात्री तिला नीट झोप लागली नव्हती, तरी तिच्यासारखी ताजीतवानी दुसरी कुणी नव्हती. तिनं खुर्च्या स्वतः मांडल्या, सरळ चार ओळींत, समोर टेबल. तिघं आले, त्यांनी एकमेकांकडं बघितलं, आणि समीक्षानं टेबल भिंतीला सारलं. मग तिघांनी मिळून खुर्च्यांचा गोल केला. माया बघत राहिली. तिनं हे सांगितलं नव्हतं.

"आज बोलायचं तुमी," ती म्हणाली. "घरं तुमची हायत. मी चुलीपाशी."

"तुमच्यानं व्हईल का?" ऋषिराजनं विचारलं, आणि समीक्षा तोंड फिरवून हसली.

स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यात वाढप्यांसाठी एक खिडकी होती. तिथनं मायाला सगळं दिसत होतं. तीन घरं आली तरी पुष्कळ, असं तिनं मनाशी धरलं होतं. साडेदहा वाजले, कुणी नाही. पावणेअकरा, कुणी नाही. तिनं पोहे दोनदा परतले. अकराला समीक्षानं दारातून एक म्हातारी बाई आत आणली, रंगूबाई, वडूजच्या पलीकडून दोन एसट्या बदलून आलेली. तिच्या मागोमाग कराडकडचं एक जोडपं आलं. मग एका रिक्षातून तिघी बायका उतरल्या. मग एक मास्तर, एकटेच, दारात चपला काढून बराच वेळ उभे राहिलेले. माया बोटांवर मोजत होती. साडेअकराला आठ घरं झाली होती, आणि ती ओट्यापासून खिडकीपर्यंत अशा येरझाऱ्या घालत होती की शेजारची आचारीणबाई म्हणाली, "बसा जरा, ताई. कुणाचं लगीन हाय म्हनायचं?"

नववं घर मोटरसायकलवर आलं. लालासाहेब आणि मागं बनुबाई. बनुबाई उतरल्या आणि सरळ आत आल्या. लालासाहेब गाडी स्टँडला लावून फाटकापाशीच उभे राहिले. हात पाठीमागं.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. मायानं ओट्याची कड धरून ठेवली. दारातून बाहेर जायला तिला वीस पावलं पुरली असती. आता काय बोलायचं तेसुद्धा तिला सुचलेलं होतं. पण तेवढ्यात राजनंदिनी उठली, बाहेर गेली, आणि सुभेदारांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. तीही रस्त्याकडं तोंड करून. हायवेवरनं उसाच्या ट्रॉल्या जात होत्या. मग राजनंदिनी वळून आत आली, आणि तिच्या चार पावलं मागं लालासाहेब.

"आणलं तिनं," माया आचारीणबाईला म्हणाली, आणि बाईच्या हातातला झाराच घट्ट दाबून धरला. ती बाई बिचारी तिच्या तोंडाकडं बघत राहिली.

सुरुवात ऋषिराजनं केली, चार वाक्यांत. इथं कुणी बोललं तरी चालेल, नाही बोललं तरी चालेल. आणि रंगूबाईनं बसल्या जागी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"मी सांगती," ती म्हणाली. "माझा नातू मल्हार. पुन्याला गाडीवर व्हता. सुई टोचून घ्यायचा. तसाच गेला. म्या समद्यांस्नी अटॅक सांगितला. तीन वर्सं सांगतीया. देवापुढंबी त्येच सांगितलं. आता दमली मी."

कराडकडचा माणूस रडायला लागला, आवाज न करता. आणि लालासाहेब उभे राहिले, ताठ, जसं हजेरीला उभं राहावं तसं.

"माझा मुलगा जयराज," ते म्हणाले. "सोळाशे मीटर पळायचा. पाच मिनिटं चाळीस सेकंद लागायचे. त्याला साडेपाचच्या आत यायचं होतं. घड्याळ मी धरायचो. दहा सेकंद कमी पडतात म्हणून रोज मी त्याला बोलायचो. मग एक दिवस आला की साडेपाचच्या आत. मी गावात पेढे वाटले. कसा आला ते विचारलं न्हाई. ग्राउंडवर कुणीतरी इंजेक्शन देत होतं. पुढच्या आठवड्यात त्यानं दुप्पट घेतलं. पोस्टमॉर्टमच्या कागदावर सगळं लिहिलंय. तो कागद मी आजपर्यंत कुणाला दाखवला न्हाई."

"मलाबी न्हाई," बनुबाई म्हणाल्या. त्या नवऱ्याकडं वर बघत होत्या. "आवं, मला ठाऊक होतं की. त्याच्या दंडाला सुईचे डाग मी बघितलेले. तुमास्नी सोसायचं न्हाई म्हणून मी गप्प ऱ्हायले."

दोन वर्षं एका घरात राहून दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होती. लालासाहेब खाली बसले. बनुबाईंनी सगळ्यांदेखत त्यांचा हात हातात घेतला, आणि त्यांनी तो घेऊ दिला.

त्यानंतर काय झालं ते मायाला सलग सांगता येत नाही. सगळे एकदम बोलायला लागले. मास्तर उठून लालासाहेबांच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले. त्यांचाही मुलगा पळणारा. तिसरा बाप त्यांच्यात सामील झाला. तीच छोटी बाटली, तेच "ताकद येती" म्हणून सांगणं, तीच पहाटेची वेळ. रिक्षातल्या बायका रंगूबाईभोवती जमल्या. मध्येच कुणीतरी आपल्या पोराची खोडी सांगितली आणि बायका हसल्याही. खिडकीआड माया उभी होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसू होतं, आणि पातेल्यातला चहा उतू जाऊन चूल विझली होती. आचारीणबाईनं पदरानं पातेलं उतरवलं. "कुनाचं तरी दुःख हाय आत," ती म्हणाली.

"हाय," माया म्हणाली. "आज पहिल्यांदा बाहेर आलंय."

तीन वाजता संपवायचं ठरलेलं साडेपाचपर्यंत चाललं. निघताना लालासाहेबांनी राजनंदिनीला विचारलं, "ग्राउंडवर पोरांस्नी जाऊन सांगायचं म्हटलं तर कुणाची परवानगी लागती?" राजनंदिनीनं सवयीनं मायाकडं बघितलं. माया कपबश्या विसळण्यात गढून गेली. मग राजनंदिनीच म्हणाली, "मी काढते, काका. सोमवारपर्यंत सांगते."

फेब्रुवारीत लालासाहेब, मास्तर आणि तो तिसरा बाप पहिल्यांदा ग्राउंडवर गेले. पहिल्या दिवशी दोघं-तिघंच ऐकायला थांबले, बाकीचे पळत राहिले. लालासाहेब दुसऱ्या दिवशीही गेले. तिसऱ्या आठवड्यात चाळीसएक पोरं गवतावर बसली होती आणि प्रश्न विचारत होती. वेळ खरोखर कमी कशी करायची, आहार काय, किती विश्रांती. लालासाहेब उत्तरं देतात, आणि जयराजचं सगळं सांगतात, पेढ्यांसकट. एका पोरानं आपल्या पिशवीतली बाटली आणून त्यांच्या हातात दिली. त्या दिवशीचा राजनंदिनीचा फोन माया कधी विसरणार नाही, कारण तेव्हा ती भर बाजारात होती आणि भाजीवालीसमोरच येरझाऱ्या घालायला लागली होती.

सगळं असं सरळ झालं नाही. राहिलेल्या दोन घरांपैकी एकानं ऋषिराजला पुन्हा येऊ नका म्हणून सांगितलं, आणि तो आठवडाभर गप्प होता. एप्रिलमध्ये बारावं घर आलं, वारणेकडचं. मायाला त्या रात्री जेवण गेलं नाही. पण गुरुवारी समीक्षानं सांगितलं की रंगूबाई आपणहून त्या घरी जायला तयार आहे, तेव्हा खुर्ची मागं सरकलीच.

आता ऋषिराजचं चाललंय. कुणी येणार नाही म्हणणारा तोच, जूनच्या पहिल्या गुरुवारी म्हणाला की साताऱ्याकडच्या घरांचा वेगळा मेळावा घ्यायचा, सगळं मी बघतो.

"बघ की," माया म्हणाली. "मी येणार न्हाई."

"चुलीपाशीबी न्हाई?"

"न्हाई. तू आणि तुझी घरं."

"मग तुमी त्या दिवशी करणार काय?"

"ऑफिसात बसून रिपोर्ट लिहिणार," माया म्हणाली.

मेळाव्याच्या दिवशी दुपारपर्यंत तिनं ऋषिराजला चार वेळा फोन केला. तीन वेळा त्यानं उचलला नाही. चौथ्यांदा उचलला, "ताई, सात घरं, आत बोलतायत, ठेवतो," एवढंच म्हणाला आणि ठेवला. रिपोर्टाचा कागद तसाच कोरा टेबलावर पडून होता, आणि माया जिना उतरून रस्त्याला लागली होती, कुणीतरी भेटावं आणि त्याला सांगावं म्हणून.